गोळी विरघळेपर्यंत
होमिओपॅथीच्या दवाखान्यात सान्याल डॉक्टर प्रश्न विचारत होते झिनुकला, आणि उत्तरं देत होते तिचे बाबा. “झोप लागते का गं?” “कसली झोप! हिला दूर सिलिगुडीला नोकरी लागल्यापासून छातीत धडधडतं हिच्या.” “तहान?” “मी पेला हातात दिला तरच पिते.” “भीती कशाची वाटते?” “मी जवळ नसण्याची! आई गेल्यापासून माझ्याशिवाय पान हलत नाही पोरीचं.” म्हाताऱ्या डॉक्टरांनी कुपीतल्या पांढऱ्या गोळ्या झाकणात ओतल्या आणि बाबांपुढे धरल्या. “मला?” “लक्षणं तुम्हीच सांगितलीत ना, दत्तबाबू? जीभ काढा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही.” बाबांचं तोंड मिटलं. झिनुकला पंख्याची घरघर ऐकू आली. “आता तू बोल, पोरी.” “मला सिलिगुडीला जायचंय,” ती म्हणाली. “झोप उडते ती बाबांच्या काळजीनं.” गोळ्या कधीच विरघळल्या होत्या. बाबांनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि गुपचूप पुन्हा जीभ काढली.