भागीरथाचे ओठ

“ओठ हलव, गोकुळा. तू मंत्र पुटपुटते आहेस,” दिग्दर्शक चौथ्यांदा म्हणाला.

गोकुळाचे ओठ हलले नाहीत. कमरेवर घागर, अंगावर तिच्या मायसारखंच हिरवं लुगडं; टळटळीत दुपारी ती तळ्याच्या पाळीवर उभी होती. समोर कुऱ्हाड घेतलेला हेमराज, झाडीपट्टीच्या नाटकांतून आलेला नट, सिनेमातला उमाजी. आणि कॅमेऱ्यामागे, मोहाच्या झाडाखाली, खरा उमाजी. अठरा वर्षांपूर्वी याच पाळीवर, असल्याच उन्हात, त्यानं गोकुळाच्या मायला, भागीरथाला, मारलं होतं.

चौदा वर्षं तुरुंगात काढून तो गोंडपिपरीकडच्या या आपल्या गावी परतला. पुण्याच्या दिग्दर्शकाला मारेकऱ्याच्या मनात उतरायचं होतं, म्हणून आता त्याला रोज खुर्ची मिळे, चहा मिळे. कोर्टात सांगितलं तेच त्यानं इथंही सांगितलं. पोर तापानं फणफणली होती. भागीरथानं करणी केली होती. आपल्याकडे पाहून ती मंत्र पुटपुटली आणि डोक्यात आवाज उठले. दिग्दर्शकानं ते आवाज वहीत उतरवले. मग ते पडद्यावर दाखवायला पाण्यावर फुटणारे चेहरे आणि पानांआडचे डोळे शोधले.

“उमाजीभाऊ,” हेमराज घाम पुसत म्हणाला, “डोक्यात येवढी बारात वाजत होती, त तुमाले झोप कशी लागे?”

माणसं हसली. उमाजीही हसला. शेजारी डबा घेऊन बसलेली पायल मात्र हसली नाही. तापानं फणफणलेली ती पोर हीच. सासरचे नको नको म्हणत असताना तिनं बापाला घरी आणलं होतं. विचारील त्याला ती एकच सांगे, “माह्यासाठी बाबानं चौदा वर्सं काढली.”

गोकुळानं घागर खाली ठेवली.

“माह्या मायले मंत्र येत नव्हता, सर. आज मी ओठ हलवले, त पडद्यावर ती जलमभर चेटकीणच राहीन. याच्यासाठीच त मी हे काम घेतलं. दुसरी कोणी असती त तिनं हलवले असते.”

मग ती सरळ उमाजीसमोर येऊन उभी राहिली. “मामा, तुमीच सांगा. काय म्हणली होती माय?”

उमाजीनं वर पाहिलं. इतकी वर्षं तो मंत्र त्यानं असा जपला होता की हल्ली तो त्याला खरोखर ऐकू येई. पण तोच चेहरा, तेच ओठ समोर आले आणि ऐकू येणं थांबलं. उरली नुसती दुपार.

“मंत्र नव्हता,” तो म्हणाला. “‘उमाजीभाऊ, पायलचा ताप उतरला का?’ येवढंच म्हणली.”

दिग्दर्शकानं हलकेच वही उघडली. “म्हणजे तुम्हाला वाटलं, हिला तापाचं कसं ठाऊक? ती साधी विचारपूस तुम्हाला कबुलीच वाटली. तिथून भीती सुरू झाली. हो ना?”

नुसती मान हलवायची होती. पायलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “भेला होता बाबा. माह्यासाठी भेला होता.”

गोकुळा त्या दोघांकडे बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. काट्यात अडकलेलं लुगडं सोडवावं तशी सावध ती विचारत होती.

“अन् तुमी काय सांगतलं तिले?”

उमाजी खांद्यावरच्या हाताकडे पाहू लागला. तिच्या घरात त्याला ताटात वाढून देणारा तेवढा एकच हात होता. त्यानं तो सावकाश उचलला आणि पायलच्या मांडीवर परत ठेवला.

“‘सकाळीच उतरला, बाई,’ म्हटलं मी. ‘बरं झालं,’ म्हणली ती, अन् पाणी भराले वाकली.”

“मंग?”

“मंग काय, पोरी,” उमाजी म्हणाला. “सारा गाव मागं उभा होता. घरून कुऱ्हाड घेऊन निघालो होतो. तसाच वापस कसा जाऊ?”