बिब्ब्याची कुपी

सुकरीबाई बिब्ब्याचं तेल लावून चेहऱ्यावरच्या चामखिळी घालवायची. जंगलातल्या दहा गावांतून लोक यायचे. कोणाचंही नाव-गाव न विचारता ती तेल लावायची आणि उरलेल्या तेलाची कुपी हातात द्यायची. पण स्वतःच्या गालावरची चामखीळ वर्षभर तेल लावूनही हटेना, तेव्हा ती लाजतच सरकारी दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "मावशी, यातून रक्त येतं का?"

"येते कधी कधी. मले वाटलं, तेलानं येत असन."

"ही चामखीळ नाही. कॅन्सरची गाठ असू शकते. तुकडा काढून तपासावा लागेल. आणि तेल आजपासून बंद."

सुकरीबाईचा हात गालावर गेला आणि तिथेच राहिला.

"मॅडम, मोहाची फुलं वेचाच्या दिवसात एक बाई आलती. तिच्या नाकाजवळबी असंच होतं, रक्त येत होतं. मी म्हटलं, चामखीळ हाय, रोज लावत जाय."

डॉक्टरीणबाईंनी घाईनं पेन उचललं. "नाव काय तिचं? गाव कोणतं?"

"पुसलं नाई, मॅडम. नाव पुसलं का औषध लागू पडत नाई."