आकारामची आकडी

मासा भोकाखाली येऊन वळला आणि उमर ओरडला, "आला! घाल, आकाराम!"

आकारामनं आकडीच्या टोकावरची रबराची नळी काढून खिशात टाकली आणि तो काठावर गुडघे टेकून बसला. बंधाऱ्यापाशी वारणेचं सगळं पात्र केंदाळानं, दाट जलपर्णीनं, झाकून गेलं होतं. लांबून बघणाऱ्याला हिरवं शेतच वाटावं. त्यात दोघांनी सकाळी विळ्यानं कापून बाजल्याएवढं भोक पाडलं होतं. तेवढ्याशा जागेत जाळी चालत नव्हती, मुळ्यांत गुरफटायची. मोठा मासा वर घ्यायचा तर आकडीच लागायची. काठीच्या टोकाला वाकवलेली, धार लावलेली पोलादी सळी. उमरनं ती आपल्या कोडोलीच्या वेल्डिंगच्या दुकानात केली होती. गळ उमरनं टाकायचा आणि आकडी आकारामनं घालायची, हे पंचवीस वर्षं ठरलेलं होतं.

आकाराम एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस. आकडीच्या बाबतीतही त्याचं काम तसंच. मासा दमल्याशिवाय हात उचलायचा नाही. पोटात मारायची नाही. खालच्या जबड्यात घालायची, आणि एकदाच. जो मासा परत सोडायचा त्याला आकडी दाखवायचीसुद्धा नाही. कोडोलीतले बाकीचे गळवाले हे त्याच्याकडूनच शिकले होते.

मागच्या रविवारी मात्र आकडी पोटात गेली. मासा फाटला, आकडीतनं सुटला आणि केंदाळाखाली नाहीसा झाला.

"दोरी ढिली सोडलीस," आकाराम म्हणाला होता. उमर दोरी गुंडाळत राहिला. मग चहाच्या गाड्यावर आकारामनं चार लोकांत तेच सांगितलं. उमरनं तिथंही ऐकून घेतलं. बुधवारी तो मासा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला फुगून वर आला. वीतभर पोट उघडं पडलेलं. कावळे बसले होते. हा किती वेळ तसाच पोहत राहिला असेल, हे आकारामच्या डोक्यातून जाईना.

दोरी ढिली नव्हती. हात थरथरला होता. कपबशी वाजायला लागल्यापासून तो घरी चहा ग्लासातून पीत होता. बायकोला, झुंबरबाईला, ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. त्यानंही तसंच वाटू दिलं होतं.

आता पाण्यात कटल्याचं डोकं दिसलं. पंधरा किलोच्या खाली नसावा. मुळ्यांना घासून दोरी तुटू नये म्हणून उमरनं उजव्या हातात गळाची दांडी पेलून डावा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला होता आणि दोरी भोकाच्या मधोमध धरली होती. माशाचा जबडा आणि उमरचं मनगट यांत चार बोटांचं अंतर होतं.

"घाल की लेका! कशाची वाट बघतोस?"

आकारामनं आकडी पाण्याशी नेली. टोक डावीकडं गेलं, उजवीकडं आलं. त्यानं दुसरा हात लावून काठी दाबून धरली. टोक हलायचं थांबेना. माशाला भलतीकडं लागली तर पुन्हा दोरीचं नाव सांगता येईल, असं एक क्षण त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. त्यानं आकडी मागं घेतली आणि गवतावर ठेवली.

"उमर, मला जमणार न्हाय. हात थरथरतोय. मागल्या खेपंला दोरी ढिली न्हवती. मीच चुकलो."

माशानं हिसका दिला आणि तो खाली गेला. दांडीवरचं रीळ कर्रकन फिरलं. उमरची नजर पाण्यावरून हलली नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "दिवाळीपासनं बघतोय. ये, दांडी धर."

"थरथरतोय म्हणतोय न्हवं!"

"दांडीला चालतंय. ये हिकडं."

आकारामनं दांडी घेतली आणि तो हादरलाच. इतक्या वर्षांत माशाची ओढ त्यानं या बाजूनं कधी सोसली नव्हती. दोनदा मासा वर आला, दोनदा खाली गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आकारामचा डावा हात पाण्यात होता आणि आकडी उमरच्या हातात.

"थांब. अजून दमला न्हाय," आकाराम म्हणाला. "डोकं वळू दे. थांब... आता."

थंड पोलाद मनगटाजवळून गेलं. आकारामनं हात काढला नाही. उमरनं खालून एकदाच ओढलं. मासा काठावर आला. आकारामनं लाकडाच्या दांडक्यानं त्याच्या डोक्यावर एक टोला दिला, तसा तो जागीच शांत झाला. जबड्याखाली बोट जाईल एवढंच भोक होतं. बाकी अंग अखंड.

चहाच्या गाड्यावर चहावाल्या केरबानं पातेलं खाली ठेवून मासा उचलून बघितला. "कुणी काढला?"

"उमरनं," आकाराम म्हणाला. गाड्यावर मागच्या रविवारचीच माणसं बसली होती. त्यानं आवाज चढवला. "आन् ऐका. मागल्या रविवारचा मासा माझ्यामुळं मेला. ह्याची दोरी ताठ हुती. मी खोटं बोललो."

 केरबानं दोघांपुढं चहा ठेवला. आकारामनं ग्लास सगळ्यांदेखत उचलला. थोडा चहा बोटांवर सांडला, तो त्यानं पुसला नाही.

घराच्या वाटेवर तो मध्येच थांबला.

"दिवाळीपासनं ठावं हुतं म्हणतोस. मग दर रविवारी हात पाण्यात का घातलास? आजबी घातलास. आकडी लागली असती म्हंजे?"

उमरनं मासा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"लागली न्हाय की," तो म्हणाला आणि पुढं चालायला लागला.