मोकळे केस

नात मोकळ्या केसांनी यंत्राच्या पट्ट्याला खेटून उभी राहिली आणि बायजाबाईंच्या हातातला सरबताचा पेला निसटला.

लग्नाआधीचे फोटो काढायला सगळे आले होते. गावाबाहेरची जुनी जिनिंग फॅक्टरी आता मंगल कार्यालय झाली होती. कापसातून सरकी काढणारी यंत्रं रंगवून, दिव्यांच्या माळा गुंडाळून मालकाने शोभेला ठेवली होती. फोटोग्राफरला नेमकी तीच जागा आवडली.

"आधी केस बांध!" बायजाबाई ओरडल्या. त्यांनी नातीला दंडाला धरून ओढलं, खाली बसवलं आणि तिचा अंबाडा घालायला घेतला. पार्लरवालीने दोन तास खपून कुरळे केलेले केस ते. नात रडकुंडीला आली. "आजी, काय करतेस हे? सगळे बघताहेत!"

बघू देत. याच दारातून कामावर शिरताना बायका एकमेकींचे केस करकचून बांधून द्यायच्या. चाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी बायजाबाई धाकट्या बहिणीशी भांडल्या आणि तिचे केस न बांधताच तरातरा पुढे निघून गेल्या. नंतर पट्ट्याखालचा कापूस झाडायला ती एकटीच वाकली होती.

फोटोग्राफर हसत जवळ आला. "आजी, घाबरता कशाला? मशीन बंद आहे."

बायजाबाईंनी अंबाड्यात शेवटचा आकडा खोचला.

"मुकादमानंही तिला हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.