गाळाची जमीन

शहाऐंशीचा उन्हाळा होता. सलग दोन वर्षं पाऊस रुसलेला, त्यामुळं जमिनी मातीमोल झालेल्या. परंड्याच्या खरेदी-विक्री संघातले क्लार्क गुलाबराव यांनी आयुष्यभराची पुंजी चार एकरात घालायचं ठरवलं.

गुलाबराव फसणाऱ्यांतले नव्हतेच. शेतकऱ्यांना विसार देऊन जमिनी धरायच्या आणि पुढं नोकरदारांना विकायच्या, हा दलाल हरिबाचा धंदा. त्याची त्यांनी महिनाभर चौकशी केली. जुन्या गिऱ्हाइकांना भेटले, कोर्टात कज्जा नाही ना ते पाहिलं, सातबारा दोनदा काढला. सगळं चोख निघालं. विसाराच्या दिवशी बायकोला, चांगुणाला, नुसतं दाखवायला म्हणून सोनारीच्या शिवारात नेलं.

"बघा वहिनी, कशी ताटावानी सपाट! वावरात खडा न्हाय, समदा गाळ," हरिबा म्हणाला.

"मी सगळं तपासलंय. तू फक्त बघ," गुलाबराव म्हणाले.

चांगुणानं रानाच्या कडेचा लांबलचक मातीचा भराव या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.



"अवो, ह्यो आटलेला पाझर तलाव हाय. बहात्तरच्या दुष्काळात ह्या बांधावर म्या सहा महिनं माती टाकलीया."