समोरची बाजू

"पहिलाच रंधा घेताय आणि एकदम एवढं धूड? सुरुवातीला लहान घ्या ताई. हा बघा, मुठीत बसतो," हत्यारांच्या दुकानातला म्हातारा म्हणाला.

"मोठाच दाखवा," पन्नाशीची ती बाई म्हणाली. "लहानपणी रोज चालवलाय."

म्हाताऱ्याला काही ते पटलं नाही. तरी त्याने एक फळी शिकंज्यात आवळली आणि वर मोठा रंधा ठेवला. बाई तडक पुढच्या टोकाला गेली, दोन्ही हातांनी रंध्याची पुढची खुंटी पकडली आणि रंधा स्वतःकडे ओढायला लागली.

म्हाताऱ्याला हसू आवरेना. "रोज चालवायचात ना? अहो, रंधा मागून ढकलतात! तुम्ही भलत्याच बाजूला उभ्या आहात."

"माझी हीच बाजू होती. बाबा मागून ढकलायचे, मी पुढून ओढायचे."

म्हातारा जरा वरमला. "आणि आता ढकलायला कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग या इकडे."

ती फळीला वळसा घालून आली. मागची मूठ धरून तिने जोर लावला. लाकडाचा पातळ छिलका गुंडाळत वर आला, रंधा सरळ टोकापर्यंत गेला, आणि ती समोरच्या रिकाम्या जागेकडे बघतच राहिली.

"जड जातोय ना? लहान देऊ?"

"नाही हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबांचं लक्ष फक्त लाकडाकडे असतं. इथून तर त्यांना सगळा वेळ मीच दिसत असेन."