मोरीत उतरण्याआधीचा फोन

लाखनीच्या घरात बसून प्रतिक्षानं आपल्या गावासाठी एक नंबर तयार केला होता. फोन आला की क्लाउडमधला तिचा प्रोग्रॅम जागा व्हायचा, तलावाचं गेट उघडं की बंद ते तिच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगायचा आणि पुन्हा झोपायचा. तो नंबर फिरवल्याशिवाय गाळ काढायला पाटाच्या मोरीत, रस्त्याखालच्या त्या अरुंद बोगद्यात, कुणी उतरत नसे.

प्रोग्रॅमिंगची नवी लायब्ररी वापरायची म्हणून आज सकाळी तिनं जुना प्रोग्रॅम पुसून टाकला. नवा अजून चढवायचा होता. धानाला पाणी सोडायचा दिवस, आज मोरीत कोण उतरतंय, असा तिचा अंदाज.

दुपारी बाबांचा फोन आला.

"मोरीत उतरून राहिलो. गेट बंद हाय म्हणे."

"कोण म्हणे? बाबा, गेटवरच्या बाबुलालकाकाचा आत्ताच मेसेज आला, गेट उघडलं! पाणी येऊन राहिलं!"

"तूच तं सांगितलं फोनवर. वरतून डाफरली, एवढा वेळ कायले लावता म्हणून."

असलं वाक्य तिनं कधी रेकॉर्डच केलं नव्हतं.

"ती मी नाही, बाबा. वर या!"

"थांब," बाबा हसले, "तुहाच फोन येऊन राहिला."

फोन कट झाला.

तिनं लगेच परत लावला. बाबा दुसऱ्या कॉलवर होते. पुन्हा लावला, तेच.

मग तिनं त्या पुसलेल्या प्रोग्रॅमचा नंबर फिरवला. एका वेळी शंभर जणांना उत्तर देणारा तो नंबर कधीच व्यस्त लागत नसे.

आता तो व्यस्त होता.